म्हातारी कुणी उचलली?

१

कोनाडा रिकामा होता.

सर दारातच थबकले. खांद्यावरची पिशवी घसरून कोपरात आली, तरी त्यांना कळलं नाही. जिना उतरून तळघरातल्या व्यायामशाळेत शिरलं की डाव्या हाताला तो अरुंद कोनाडा, आणि त्यात ठाण मांडून बसलेली म्हातारी. इतकी वर्षं ते हेच बघत आले होते. आज तिथे फक्त भिंत होती.

म्हातारी म्हणजे एक लोखंडी डंबेल. पण तिला नुसतं डंबेल म्हणणं म्हणजे समुद्राला पाणी म्हणण्यासारखं. दोन टोकांना कलिंगडाएवढे काळे गोळे, आणि मधला दांडा इतका जाड की मूठ मिटायचीच नाही. व्यायामशाळा काढणारे मास्तर अंगानं किडकिडीत होते. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी ती एका हातानं डोक्यावर उचलली होती, असं सगळे सांगायचे. कोनाडाही त्यांनी मुद्दाम तसा बांधून घेतला होता. एकानंच आत वाकायचं, एकच हात घालायचा. दोघांनी मिळून लबाडी करायला जागाच नाही. मास्तर गेले, वर्षं लोटली. गावोगावचे तगडे गडी आले, तोंड लाल करून गेले. म्हातारी जागची हलली नाही.

भूगोल शिकवता शिकवता निवृत्त झालेले सर अजूनही रोज यायचे. आल्या आल्या म्हातारीच्या गोळ्यावर हात ठेवायचे, घरातल्या थोरल्या माणसाला ‘बरं आहे ना?’ विचारावं तसे.

ते तरातरा काउंटरकडे गेले.

“म्हातारी कुठाय?”

काउंटरवाली मुलगी ठेंगणी, शिडशिडीत. लांब बाह्यांचा सदरा, नजर संगणकावर. “तक्रार असेल तर कार्डावर लिहा, सर. पेटीत टाका.”

“अहो, तक्रार कसली? दारातून चोरी झालीय! तुम्ही इथेच बसता ना?”

“कार्डावर लिहा, सर. उत्तर येईल.” तिनं कोपरानं एक कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. हातानं देण्याचेही कष्ट नाहीत.

“मी इथला पहिल्या दिवसापासूनचा सभासद आहे!”

“हो, सर.”

“निदान टॉवेल तरी द्या.”

“संपलेत.”

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर होते तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं की आतून हाक यायची, “या भूगोल!” आता दारात एक यंत्र होतं. सभासदाचं कार्ड दाखवलं की ते टुक करायचं, आणि तेवढंच काय ते स्वागत. व्यायाम न करता ते जिना चढून वर आले आणि रस्त्यात उभं राहूनच थोरल्या बहिणीला फोन लावला.

“अक्का, तू लगेच ये. म्हातारी गेली.”

पलीकडून प्रश्न आला, “कुणाची रे?”

२

अक्काची सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेली होती. जळालेल्या गोदामाच्या राखेत उभं राहून, आग दारातून लागली की हिशेबातून, हे ती सांगायची. आता गुडघे कुरकुरायचे, पण डोकं नाही.

सरांच्या स्वयंपाकघरात बसून तिनं चहाचे दोन कप संपेपर्यंत त्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गंमत आहे तुझी. चोरी म्हातारीची झाली, आणि तू रडतोयस टॉवेलसाठी.”

“रडू नको तर काय करू? जिव्हाळाच उरला नाही कुणाला. सकाळी दारात ताटकळत ठेवतात. आत दिवे लागलेले दिसतात, घंटा वाजवतो, पण दार उघडायला कुणी येत नाही. येते तेव्हा ती पोरगी धापा टाकत, जसं काही माझ्यावर उपकार करायला धावत आलीय. बरं, पुढे केलेली कपाटाची किल्ली हातात घेणार नाही, म्हणते काउंटरवर ठेवा. आणि टॉवेल संपले म्हणते, पण धोब्यानं गठ्ठा टाकलेला मी स्वतः पाहिलाय.”

अक्का कपाच्या कडेवरून बघत राहिली. “आणखी?”

“आणखी काय? तुला चोरीचं काही विचारायचं नाही का?”

“तेच तर ऐकतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तळघरात उतरले. अक्का कठड्याला धरून एकेक पायरी बघत उतरली. खाली आल्यावर आधी कोनाड्याकडे गेलीच नाही. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि जमिनीवर टाकला.

“अगं!” सर ओरडले. “नवीन लाकडी फरशी आहे! मॅनेजर जीव घेईल!”

जुडगा पडला तिथे बारीक खळगा उमटला होता. अक्कानं त्यावर बोट फिरवलं, मग कोनाड्यापासून चहूकडे जमीन न्याहाळली. जमीन आरशासारखी नितळ होती.

“घरंगळत नेली असती तर नांगर फिरल्यासारखी दिसली असती ही फरशी. पहारी, साखळ्या घातल्या असत्या तर कोनाड्याची लाकडी चौकट सोलली असती. काही नाही.” ती वाकून कोनाड्याच्या आत बघू लागली. “हे पांढरं काय?”

भिंतीवर पांढऱ्या पुडीचा एक पुसट फराटा होता.

“खडूची पूड. घामानं पकड निसटू नये म्हणून वजन उचलणारे हाताला लावतात. पण नवीन मॅनेजरनं बंदी घातलीय. फरशी घाण होते म्हणे.”

“वाक बघू आत. म्हातारी आहे असं समज. एका हातानं तिला धर, दुसरा भिंतीला टेक.”

सर वाकले. टेकलेला हात फराट्याच्या बराच वर गेला. अक्कानं दोनदा बघितलं. तिचा चेहरा पालटला. इतक्या वर्षांत सरांनी तो असा पाहिला नव्हता.

“बाळ,” ती हलक्या आवाजात म्हणाली. लहानपणीची ही हाक ती फार क्वचित मारायची. “म्हातारी कुणी ओढली नाही, ढकलली नाही. कुणीतरी आत एकटं वाकलं, हात टेकला आणि तिला उचलून घेऊन गेलं. आणि ते माणूस तुझ्यापेक्षा चांगलंच बुटकं आहे.”

सरांनी वाकून तो फराटा पुन्हा पाहिला.

३

मॅनेजर उंच, गुळगुळीत दाढी केलेला, बोलण्यात साखर पेरणारा. “सर, तुमच्या भावना आम्हाला समजतात. तुमच्यासारखे सभासद म्हणजे आमचं कुटुंब. एक महिना मोफत देतो, विषय संपवू या.”

“डंबेल कुठे आहे?” अक्कानं विचारलं.

साखर विरघळली. त्यानं इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “खरं सांगू? ते मी भंगारात द्यायचं ठरवलं होतं. त्या जागी कॉफीचं यंत्र बसवायचंय. भंगारवाला चार माणसं घेऊन आला, तर कोनाडा रिकामा! उगाच बोभाटा नको म्हणून काउंटरला सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर कार्ड द्या.”

“भंगारात?” सर उसळले. “कुणाला विचारून?”

“मला विचारून,” मागून आवाज आला.

मास्तरांची मुलगी काचेच्या खोलीच्या दारात उभी होती. वडिलांनंतर व्यायामशाळा तीच चालवायची. उंच बांध्याची, सरांच्या बरोबरीनं उभी राहील अशी. तिनं दोघांना आत बसवलं आणि दार लावून घेतलं.

“सर, रागावू नका. पण मला त्या वस्तूची लाज वाटते.”

“लाज? अगं, तुझ्या वडिलांनी ती...”

“तुम्ही पाहिलंत?”

 उद्घाटनाच्या दिवशी शाळेतून सुटायला उशीर झाला होता. ते धावतपळत जिना उतरले तेव्हा मास्तर घाम पुसत होते आणि लोक पांगत होते.

“तुम्ही नाही पाहिलं. मी आजीकडे होते, मी नाही. आईनं नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, अमक्यानं पाहिलं. आणि तो अमका कधी सापडत नाही. मी मोठमोठ्या वजन उचलणाऱ्यांना बोलावून विचारलं. सगळे म्हणाले, हा दांडा माणसाच्या मुठीसाठी नाहीच, हे उचलणं शक्य नाही.” तिनं काचेतून बाहेर पाहिलं. “बाबा चांगले होते, सर. पण थाप मारत होते. ती थाप दारात मांडून मी रोज तिच्यासमोरून जायचं? म्हणून म्हटलं, काढा.”

सर बाहेर येऊन रिकाम्या कोनाड्यापाशी थांबले. टॉवेलचा राग कुठल्या कुठे गेला होता. इतकी वर्षं त्या गोळ्यावर हात ठेवला तो कशावर? एका बढाईवर?

आता राहिला पहाड. खरं नाव कुणी घेत नसे. खांदे दारात अडकतील असा तरुण सुतार. दार उघडलं की व्यायामशाळेत सगळ्यात आधी शिरायचा. चारचौघांत म्हातारीशी झुंजून हरला होता, लोक हसले होते. मॅनेजरचा संशय त्याच्यावरच होता.

“मी नाही नेली,” पहाड म्हणाला. “नेता आली असती तर दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर नेली असती!”

अक्का हसली. “पटलं. पण तुला काहीतरी ठाऊक आहे.”

तो घुटमळला. “हसणार नाही ना? कुणी बघायच्या आत मी रोज तिला एकदा धरून बघायचो. दार उघडलं की सरळ कोनाड्यात. लोखंड सकाळी कसं असतं, बर्फासारखं. पण गेले कित्येक महिने...” त्यानं आपल्या रुंद पंजाकडे पाहिलं. “दांडा कोमट असायचा, मावशी. नुकताच कुणीतरी हात सोडल्यासारखा. आणि दार तर माझ्यासाठीच पहिल्यांदा उघडलेलं असायचं. मला वाटायचं, मास्तर येतात.”

४

सर बाकावर बसले होते. अक्का शेजारी बसून गुडघा चोळत होती.

“भुताखेतांवर तुझा विश्वास नाही,” सर म्हणाले.

“नाही. पण तुझ्या गाऱ्हाण्यांवर आहे. काल ऐकवलीस ना, तेवढी पुरतात.” ती उठली. “चल.”

ती थेट काउंटरपाशी गेली. मॅनेजर होताच. काहीतरी चाललंय म्हणून मास्तरांची मुलगीही बाहेर आली, आणि पहाड घाम पुसत मागे उभा राहिला.

“मला टॉवेल हवाय,” अक्का म्हणाली.

“संपलेत, मॅडम,” काउंटरवाली म्हणाली.

“धोबी गठ्ठा टाकून गेलाय. टॉवेल आहेत तुझ्या पाठीमागच्या त्या कोठीत. दोन पायऱ्या चढून ते दार. पण कुणासमोर ते उघडायची तुझी तयारी नाही, कारण आत टॉवेलांबरोबर आणखीही काही आहे.”

मुलीनं हात काउंटरखाली ओढून घेतले.

“माझ्या भावाला वाटलं, तू उर्मट आहेस. वस्तू कोपरानं सरकवतेस, हातात काही घेत नाहीस. मला वाटलं, या पोरीला हात दाखवायचे नाहीत. तो म्हणाला, सकाळी दिवे लागलेले असतात तरी दार उशिरा उघडतं आणि तू धापा टाकत येतेस. काउंटरवर बसून कुणाला धाप लागते? दार उघडण्याआधी आत फक्त तूच असतेस, आणि दार उघडल्यावर लोखंड कोमट लागतं. भिंतीवरचा हात बुटक्या माणसाचा आहे. मॅनेजर उंच, मालकीण उंच, आणि हा तर पहाडच.” अक्काचा आवाज मऊ झाला. “जिन्याच्या पायऱ्यांना टवकाही नाही, आणि तिला टेकवल्याशिवाय एवढा जिना कुणी चढणार नाही, म्हणजे ती वर रस्त्यावर गेली नाही. कोनाड्यापासून चार पावलांवर तुझी कोठी आहे. दाखव ना गं हात.”

मॅनेजर खो खो हसला. “ही? ही पाण्याचा जार उचलायला दोघांना बोलावते!”

मुलीनं सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही तळवे काउंटरवर उताणे ठेवले.

कुणी हसलं नाही. घट्ट्यांवर घट्टे चढले होते, जुन्या चिरांवर नव्या चिरा. काही बोटांना चिकटपट्ट्या होत्या. सरांनी आयुष्यभर मुलांना डोंगराळ मुलखाचे नकाशे समजावले होते. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं आणि वाटलं, हा मुलूख आपण कधी शिकवलाच नाही.

“चोरायची नव्हती,” ती म्हणाली. “साहेब माझ्यासमोरच फोनवर बोलत होते, भंगारवाला येणार म्हणून. मी त्या दिवशी लवकर आले. तोवर ती वीतभर उठायची आणि निसटायची. त्या दिवशी निसटून चालणार नव्हतं.”

“नोकरांनी वजनांना हात लावायचा नाही, असा नियम आहे!” मॅनेजर म्हणाला.

“म्हणून तर सांगता येत नव्हतं.”

“पण कशासाठी?” मास्तरांच्या मुलीनं विचारलं. “तुला काय मिळणार होतं?”

मुलगी विचारात पडली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नसावा.

“इथे कामाला लागले त्या दिवशी सहज धरून बघितलं. हललीसुद्धा नाही. मॅडम, मला खूप जण नाही म्हणालेत. घरी, शाळेत, नोकऱ्या मागायला गेले तिथे. पण त्या प्रत्येक नाहीमागे काहीतरी कारण असायचं, टोमणा असायचा. हिनं नुसतं नाही म्हटलं. मी कोण, कशी दिसते, याच्याशी हिला घेणंदेणं नव्हतं. ते मला फार आवडलं. मग रोज विचारत राहिले.”

मास्तरांची मुलगी काउंटरला वळसा घालून तिच्यापाशी आली. म्हणाली, “मला दाखवशील?”

५

कोठीचं दार उघडलं. टॉवेलांच्या गठ्ठ्यांमागे, चादरीखाली, म्हातारी बसली होती.

मुलीनं बूट काढले. मॅनेजर समोर असतानाच खिशातून खडूची पुडी काढून पूड तळहातावर चोळली.  ती वाकली. मूठ दांड्याभोवती मिटत नव्हती. कुणाचीच मिटली नसती. तिनं बोटं एकेक करून बसवली, घाई नाही. मग डोळे मिटून जराशी थांबली.

सरांना वाटलं, उठणार नाही. इतक्या जणांसमोर नाही उठणार. आपणच या पोरीला या फजितीत आणून उभं केलं.

आणि म्हातारी उठली.

झटका नाही, आरडाओरडा नाही. जमीन आणि गोळे यांच्यात आधी प्रकाशाची एक फट दिसली. ती फट वाढत गेली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मुलीच्या मानेवरच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या. ती दोन पायऱ्या उतरून खाली आली, व्यायामशाळेच्या मधोमध येऊन उभी राहिली. धावायची यंत्रं एकेक करून थांबली. कुणीतरी संगीत बंद केलं. पहाडाचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

“बस झालं,” अक्का पुटपुटली. “ठेव गं आता.”

पण मुलगी ठेवत नव्हती. ती मास्तरांच्या मुलीकडे बघत होती. मग तिनं खोल श्वास घेतला, गुडघे किंचित मोडले, आणि काळे गोळे तिच्या खांद्यापाशी आले. तिथे ते थरथरले. एक क्षण सगळं घसरणार असं वाटलं. ती त्या लोखंडाखाली आणखी बुटकी झाली, जणू जमिनीत शिरतेय, आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, सरळ उभी राहिली.

हात वर होता. पूर्ण ताठ. म्हातारी डोक्यावर होती.

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. जन्मभर त्यांनी ज्वालामुखी, हिमनद्या, खंड सरकतात कसे, सगळं फळ्यावर काढलं होतं. यातलं काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. धरणी उचलली जाते ती अशी.

मास्तरांची मुलगी भिंतीला टेकली होती. तोंडावर हात होता.

“म्हणजे येतं,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून, कळलं नाही. “म्हणजे उचलता येते ती.”

मुलीनं म्हातारी खाली आणली. खांद्यापाशी, कमरेपाशी, मग जमिनीवर, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं इतक्या अलगद. नव्या फरशीवर ओरखडाही उठला नाही. टाळी एकानंही वाजवली नाही. टाळीनं तो क्षण लहान झाला असता.

मास्तरांच्या मुलीनं फोन लावला.

“आई? बसली आहेस ना? अगं, बाबा खरं सांगत होते.”  पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक. ती नुसती मान हलवत राहिली. फोन ठेवल्यावर मॅनेजरकडे वळली. “कॉफीचं यंत्र नको. आणि तो नियम आजपासून नाही.” मग मुलीकडे.  तिनं फक्त ते फाटके हात आपल्या हातांत घेतले.

अक्का आणि सर जिना चढून वर आले. रस्त्यावर ऊन पसरलं होतं. दुकानांची दारं उघडत होती, बसथांब्यावर माणसं उभी होती. अक्काच्या गुडघ्यांसाठी सर नेहमी गाडी थांबवायचे. त्यांनी सवयीनं हात वर केला, तर तिनं तो खाली घेतला.

“चालत जाऊ.”

दोघं चालू लागले. सर एरवी बोलघेवडे. तक्रारी नसल्या तर हवेबद्दल बोलतील. आज एक नाही, दोन नाही. कोपरा आला, पूल आला. शेवटी अक्कानंच विचारलं, “काय रे? गप्पसा?”

सरांनी मान हलवली. मग छातीवर हात ठेवून, हळूच, आतलं काही सांडेल म्हणून जपत म्हणाले, “थांब, अक्का. बोललो तर उतरेल.”

अक्कानं पुन्हा काही विचारलं नाही. म्हातारी बहीण आणि म्हातारा भाऊ घरापर्यंत तसेच चालत गेले.